मामाजींचा जेवणाचा आठवडा

आमचे मामेसासरे एकदा पाटावर बसले, की निजाम सरकारची स्वारी दारात येऊन उभी राहिली असती तरी त्यांनी ‘ताकभात होईस्तोवर ओसरीवर बसा’ असाच निरोप धाडला असता. सासूबाईंचे हे थोरले भाऊ उटनूरकडे गिरदावर होते. रानातल्या गावांच्या जमिनी पाहत घोड्यावरून हिंडायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, चपराशी उकडून देईल ते खायचं. दसरा झाला की कचेरीतून आठ दिवसांची रुखसत काढून ते आदिलाबादला आमच्याकडे येत, ते निव्वळ जेवायला. सकाळी घरचं आणि संध्याकाळी बाजारातल्या तेलंगीणबाईच्या खानावळीतलं, यात कधी खंड नाही. पाटावर बसल्याबरोबर विचारायचे, “काय काय हाय?” वाढणारीनं एकेका पदार्थाचं नाव घ्यायचं, त्यांनी डोळे मिटून ते ऐकायचं, मग घास आणि मग फैसला. “वरण, मंजूर. वांगं, मंजूर.” बोथच्या एका लग्नात म्हणे सगळी पंगत उठली तरी हे बसूनच. यजमानानं हात जोडले, तर म्हणाले, “बसा, कढीची पाहणी बाकी हाय.”

नात्यातल्या प्रत्येक नव्या सुनेची पारख याच जिभेवर व्हायची. मी सोळा वर्षांची, लग्नाला चार महिने झालेले, आणि अक्कल म्हणाल तर पाटावरवंट्याला माझ्यापेक्षा जास्त होती. सासूबाईंनी मला आधीच बजावलं होतं, “दादाच्या तोंडून मंजूर निघालं नाई, तर जाय मायच्या घरी अन् सैपाक शिकून ये.” त्या काळी अशी शिकायला गेलेली पोर कधी परत यायची, कधी नाही. आठवडाभर आभाळ भरलेलं, अंगणात चिखल, ओल्या लाकडांचा धूर घरभर, आणि मी चुलीपुढे डोळे पुसत बसलेली. पण सोमवारपासून जे जे केलं ते ते मंजूर. मी अशी फुगले की कढईतल्या पुरीनं लाजावं. आरशासमोर उभी राहून स्वतःलाच ‘अन्नपूर्णाबाई’ म्हणून हाक मारल्याचं आठवतं. नातवंडांनो, हसा. मीही हसते.

दुखत होती ती एकच गोष्ट. माझ्या हातचं इतकं जेवून हा माणूस संध्याकाळी छत्री उघडून खानावळीत का जातो? परत आले की ओसरीवर बसून तिथल्या लाल ठेच्याचं वर्णन, तेही माझ्या देखत. मला वाटे, माझी सवत त्या खानावळीत चुलीपुढे बसलीय.

गुरुवारी घोटाळा झाला. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी अन्न चाखायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे मीठ घालायचं राहिलंय की दोनदा पडलंय, हे बाईमाणूस शेवटी जेवायला बसल्यावरच कळायचं. त्या दिवशी पंगतीला एकटे मामाजीच. दोन वाट्या आमटी पिऊन, “मंजूर!” म्हणून उठले. मग आम्ही बसलो. पहिल्याच घासाला माझे डोळे पांढरे झाले. आमटी नव्हे, मिठागर! सासूबाई आमटीची वाटी बाजूला सारून एवढंच म्हणाल्या, “दादा भोळा हाय माझा.” माहेरचा रस्ता टळला. पण माझ्या टाळक्यात किडा शिरला.

शुक्रवारी मी तांदुळजा कण्या घालून अंबाडीसारखा घोटला. सासूबाई विहिरीवर होत्या. मामाजींनी विचारलं, “काय काय हाय?”

“अंबाडीची भाजी, मामाजी.”

त्यांनी घास घेतला, डोळे मिटले. “वा! काय आंबट उतरली!”

मी पदर तोंडात कोंबला तरी हसू फुटलंच. “मामाजी, तांदुळजा हाय तो!”

ते रागावतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांचा हात ताटातच राहिला. म्हणाले, “दोन वर्सं झाली, सूनबाई. उटनूरला ताप आला, तवापासून जीभ लाकूड होऊन राह्यली. खानावळीतला ठेचा जरासा भाजते. तेवढंच समजते, का तोंडात कायतरी हाय.”

“मग सांगत काऊन नाई तुमी?”

“सांगू? चव नसलेल्या माणसाले जेवाले कोण बोलावन?” ते ताटाकडेच पाहत होते. “काढा करून धाडतील उटनूरले. आठ दिवस मानसात बसतो, तेबी जाईन. सासूले सांगू नको.”

माझं सगळं अन्नपूर्णापण त्या पाटासमोर गळून पडलं. चार दिवस मी ज्या जिभेच्या जोरावर मिरवत होते, तिला माझ्या स्वैपाकातला एक कणही कळलेला नव्हता.

शनिवारी मी देवाचा अपराध केला. दाराआड उभी राहून नैवेद्याआधीच सगळं चाखलं, आणि वाढताना खालच्या आवाजात सांगत गेले. “वरणाले हिंगाचा वास लागला, मामाजी. वांगं देठाजवळ जरासं कडू हाय. भाकरीची कड करपली, ते तुमाले आवडते.” ते सावकाश जेवले. “मंजूर” म्हणाले नाहीत. सासूबाई आतून ओरडल्या, “वाढता वाढता काय पुटपुटून राह्यली वं?” रविवारी पाऊस उघडला, तरी ते खानावळीत गेले नाहीत. माझ्या हातची कढी-खिचडी ऐकत बसले.

सोमवारी बैलगाडी जुंपली. सासूबाईंनी निघता निघता विचारलं, “दादा, खरं सांग, सुनेचा हात कसा हाय?” मामाजी चाकाला धरून उभे राहिले. “हाताचं काय सांगू, बाई,” ते म्हणाले, “पण तिच्यासमोर बसून जेवलं, का पोट भरते.” मला माहेरी धाडायचा विषय तिथंच संपला.

पुढल्या वर्षी दसऱ्याच्या आधीच उटनूरहून माणूस आला. पुन्हा आलेल्या तापानं ते गेले होते. तेराव्याला घराबाहेर त्यांचं पान मांडलं. मी एकेक पदार्थ वाढत होते, आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं सांगत होते. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी पानावरची भाजी नीट सारखी केली आणि म्हणाल्या, “अंबाडीचं सांगितलं का? औंदा चांगली आंबट हाय, सांग त्याले.”

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी भावाची जीभ शाबूत असल्याची दवंडी सासूबाई नात्यात पिटत राहिल्या, सुनांना त्याच्या नावानं दरडावत राहिल्या, त्याचं बोलावणं चुकू नये म्हणून. आम्ही दोघी त्या पानापाशी बसलो. कावळा बराच वेळ आला नाही, आणि आम्हालाही उठायची घाई नव्हती.