अक्काच्या खिडकीतला पुठ्ठा

आमच्या दाजींचा देव, डॉक्टर आणि सरकार या तिघांवर मिळून जेवढा विश्वास असेल, त्याहून जास्त विश्वास पुठ्ठ्यावर आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी जॅकार्डचे पुठ्ठे कापण्यात घालवली. चादरीवर मोर हवा असेल तर आधी तो चौकटीच्या कागदावर काढायचा, मग एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याच्या एकेका पट्टीला भोकं पाडायची, आणि त्या पट्ट्यांची माळ मागावर चढली की कुठल्या धाग्यानं वर उठायचं आणि कुठल्यानं खाली बसायचं हे ठरायचं. तरुणपणी एकदा त्यांनी घाईत भोकं चुकवली आणि दिवसभर मागावरून तीन पायांचे मोर उतरत राहिले. मालक रागावले नाहीत, पण त्यातलीच एक चादर त्यांनी दाजींना लग्नात आहेर केली. ती अजून घरात आहे. तेव्हापासून दाजींनी मनाशी गाठ बांधली, आधी पुठ्ठा, मग कापड. इथवर कुणाची तक्रार नव्हती. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी हा नियम सगळ्या संसाराला लावला आणि तिथून आम्हा नातेवाइकांचे हाल सुरू झाले.

घरात काहीही आणायचं असलं की दाजी आधी त्या वस्तूचा मापाबरहुकूम पुठ्ठ्याचा अवतार करतात, तो जागेवर मांडतात आणि आठ दिवस त्याच्याबरोबर राहून बघतात. फ्रीजच्या वेळी पुठ्ठ्याचा फ्रीज स्वयंपाकघरात इतका रुळला की अक्का त्यात कांदे-बटाटे ठेवायला लागली, आणि खरा फ्रीज आल्यावर कांद्यांची सोय गेली म्हणून हळहळली. मी पलंग घेणार असं कळल्यावर दाजी रिक्षाच्या टपावर पुठ्ठे बांधून सकाळीच माझ्या फ्लॅटवर हजर! फरशीवर पलंगाचा आकार अंथरला, चप्पल काढली, इस्त्रीच्या शर्टासकट त्यावर आडवे झाले आणि छताकडे बघत म्हणाले, "पावणं, पाय दारात जात्यात बगा." मी ऐकलं नाही. आजतागायत आमच्या बेडरूमचं दार अर्धंच उघडतं आणि माझी बायको ते उघडताना दरवेळी दाजींची आठवण काढते. त्यांच्या कानावर पेन्सिल आणि खिशात कटर असतोच, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा. टीव्हीचं खोकं ते बोटांनी दाबून पारखतात, बिस्किटांच्या खोक्याला नाक मुरडतात. माल न घेता नुसती खोकी नेणारं गिऱ्हाईक म्हणून गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत त्यांची एक वेगळीच पत आहे.

आता अक्काविषयी सांगायला हवं. तिचे गुडघे कामातून गेलेत, चार पावलं टाकली तरी दम लागतो. त्यामुळे ती पुढच्या खोलीत खिडकीशी लावलेल्या खाटेवर असते. खिडकीबाहेर अरुंद बोळ आणि बोळापलीकडे पद्मक्काचा उंबरा. पद्मक्का घरी तेलुगू बोलणारी, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायची. दुपारी चारच्या सुमाराला अक्का वेणी घालायची, कुंकू नीट करायची आणि खिडकीशी सरकून बसायची. मग दोघींचं जे सुरू व्हायचं ते दिवे लागेपर्यंत. इतक्या वर्षांत पद्मक्का अक्काच्या घरात क्वचितच आली असेल, तिला गरजच पडली नाही. पण घरावर पत्रा आणि डोक्यावर सोलापूरचा उन्हाळा. एका चैत्रात अक्का भर दुपारी भोवळ येऊन पडली, चार दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी दाजींना बजावलं, "पुढचा उन्हाळा एसीशिवाय काढू नका. पुन्हा असं झालं तर मी जबाबदार नाही."

दुसऱ्या वर्षी होळी झाली तसा मी घाईला आलो. स्प्लिट एसी बसेना, कारण घराच्या तिन्ही भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या, आणि बोळाकडच्या चौथ्या भिंतीत खिडकीच्या वर लगेच पत्रा. म्हणजे खिडकीतला एसी हाच उपाय. मी म्हणालो, "आजच आणू." दाजी म्हणाले, "आदी पुठ्ठा." दुपारी ते दुकानात जाऊन मापं घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत खिडकीत एक भलंमोठं खोकं बसलं, पुढच्या बाजूला ओळीनं पट्ट्या, कोपऱ्यात काळ्या शाईनं काढलेली बटणं. खोक्यानं खिडकी जवळजवळ सगळी खाल्ली, उरलेल्या फटीला दाजींनी फळी ठोकली. वायर बघायला आलेले मेकॅनिक मुश्ताकभाई खोक्यावर टिचकी मारून हबकलेच. "क्या दाजी, ये तो पुठ्ठा है की!" समाचाराला येणारी माणसं खाटेशी टेकून "आता कसं गार वाटतंय," असंही म्हणून गेली. इतक्यावर थांबतील तर ते दाजी कसले! असल्या एसीचं सगळं यंत्र खोलीच्या तोंडावरच घरघरतं असं मुश्ताकभाईंनी सांगितलं होतं, म्हणून दाजींनी खोक्यात जुना मिक्सर ठेवून चालू केला आणि खाटेशी येऊन विचारलं, "कसं वाटतंय?" अक्का म्हणाली, "काय म्हणताय? ऐकू येईना की."

ऊन वाढत होतं आणि दाजींचे आठ दिवस काही संपत नव्हते. सहाव्या दिवशी माझा तोल गेला. "दाजी, तुमच्या ह्या खेळापायी एखाद्या दुपारी माझी बहीण जाईल," असं मी तोंडावर बोललो. दाजींनी कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा तिथेच खोचली. मला लगेच वाईट वाटलं. आठव्या दिवशी मी गेलो तर दारात पद्मक्का उभी, हाताला तंबाखूचा वास, डोळे पाणावलेले. "अक्का माज्यावर रागावली काय वो? खिडकीला खोकं लावून घेतली की." आत अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं एकाही दिवशी तक्रार केली नव्हती. आजारी माणसासाठी घर एवढं धडपडतंय, आपण काय बोलायचं, असा तिचा स्वभाव. दाजींनी मला बाजूला घेतलं आणि ते हळूच म्हणाले, "आठ दिवसांत तिनं एकदा बी वेणी घातली न्हाय, पावणं." मग त्यांनी कटर काढून खोकं फाडलं. खोलीत उजेड आला तशी अक्का वळली आणि बोळात उभ्या पद्मक्काला बघून रडायलाच लागली.

त्या दिवसापासून दाजी नव्या शोधाला लागले. दुकानदारानं मोबाइलवर एक चित्र दाखवलं, घोड्यावर खोगीर टाकतात तसा खिडकीच्या कट्ट्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसणारा एसी. अर्धा आत कट्ट्याखाली, अर्धा बाहेर लटकलेला, मधे वीतभर उंचीची मान. यंत्राची घरघर बाहेर राहते, वरची खिडकी मोकळी राहते. त्यात अडचणीही होत्याच. सोलापुरात कुणाकडे तो नव्हता, मागवायला दिवस लागणार होते, मुश्ताकभाईंनी कधी हात लावलेला नव्हता. दाजींनी दोन खोकी एका पट्टीनं जोडली आणि कट्ट्यावर टाकून बघितली, तर बसेचना! मान आखूड, भिंत जाड. खरंच मशीन मागवून मग हे कळलं असतं तर काय झालं असतं, हे सांगताना दाजींचा चेहरा बघण्यासारखा होता. गवंडी बोलावून खिडकीखालची भिंत आतून खरवडली, खालचे गज कापले, झडपा वीतभर आखूड केल्या. मशीन येईपर्यंत दाजी रोज दुपारी तीन पायांच्या मोराची ती चादर भिजवून खिडकीवर टांगायचे आणि सुकली की पाणी मारायचे. टांगायचे तेही अर्ध्यापर्यंतच. वरच्या अर्ध्यातून अक्काला पद्मक्का दिसायला हवी होती.

एसी बसला. तो उन्हाळा अक्कानं सुखानं काढला, पुढचेही काढले. दिवसभर काचेतून दोघींच्या खाणाखुणा चालायच्या आणि चारला दाजी बटण बंद करून खिडकी उघडून द्यायचे, गारवा तासभर टिकायचाच. कुणी विचारलं की दाजी दोन्ही एसींची तुलना एका वाक्यात उरकायचे. "त्यो खिडकीत बसतो, ह्यो खिडकीच्या पायाशी बसतो."

गेल्या दिवाळीनंतर पद्मक्काला गावाबाहेर कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत स्वतःचं घर मिळालं. आयुष्यभराचं स्वप्न तिचं, अक्कानं खिडकीतूनच तिची ओटी भरली. आणि समोरच्या दाराला कुलूप लागलं. ज्या खिडकीसाठी एवढा खटाटोप केला, तिच्यासमोर आता बघण्यासारखं काही उरलं नाही, हे माझ्या मनातून जाईना.

परवा वैशाखात चारच्या सुमाराला मी त्या बोळात शिरलो. पद्मक्काच्या बंद दारासमोर, तिच्याच उंबऱ्यावर, दाजी बसले होते. कानावर पेन्सिल, मांडीवर पंचा, अंगावर ऊन. समोर खिडकी उघडी, खिडकीत अक्का, घट्ट वेणी, कुंकू नीट. दोघांचं बोलणं रंगात आलं होतं, कुठल्याशा जुन्या लग्नातल्या रुसव्याबद्दल. एकाच घरातली माणसं बोळाच्या दोन बाजूंना बसून गप्पा मारताना मी पहिल्यांदाच बघत होतो. "दाजी, हे काय, एवढ्या उन्हात?" मी विचारलं. अक्काला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते म्हणाले, "कुलपाकडं बघत बसायची वो. दोन दिस वेणी घातली न्हाय. माणसाचा पुठ्ठा करता येत न्हाय, पावणं. मग म्हटलं, आपणच बसावं."

"अवो, डोक्यावर पंचा घ्या की!" खिडकीतून अक्का ओरडली.

दाजींनी मुकाट्यानं पंचा डोक्यावर घेतला. मी चप्पल काढली आणि त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसलो. दगड चांगलाच तापला होता. अक्कानं आम्हा दोघांकडे बघितलं, पदर सारखा केला आणि मला विचारलं, "काय रे, तुझ्या बेडरूमचं दार उघडतंय का आता?"