मागच्या सीटवरचं गिऱ्हाईक

चालकाच्या सीटच्या पाठीवर दोनदा टकटक म्हणजे चला, एकदा टकटक म्हणजे थांबा. मास्तरांची ही टकटक मी पहिल्यांदा ऐकली ती दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, मुरुममध्ये. गाडीची सांगितलेली किंमत एक लाख पस्तीस हजार. हजर आम्ही तिघे: गाडीचे मालक असलेले तिथले एक कापडदुकानदार, गाडी चालवणारा मी, आणि गाडी घेणारे मास्तर, मागच्या सीटवर.

गाडी घ्यायला आलेला माणूस मागं बसलेला तुम्ही पाहिलाय का? मी तरी तोवर पाहिला नव्हता. मास्तर एसटीत कंडक्टर होते, म्हणून गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण उभं राहायची सवय गेली नव्हती. आमच्या ओट्यावर चहाला बोलावलं तरी दाराची चौकट धरून उभ्यानंच प्यायचे. कधी बसलेच, तर उजवा पाय सारखा हलत राहायचा.

त्यांना गाडी चालवता येत नव्हती. मला येत होती, आणि पतसंस्थेत हिशेब बघत असल्यानं खरेदी-विक्रीतलं कळतं असा गल्लीचा समज होता. म्हणून ते आदल्या दिवशी माझ्याकडं आले. गाडी हवी, पण एका ठराविक कंपनीचीच, आणि जुनी. त्या कंपनीचं नाव काढलं की आपल्याकडं लोक तोंड वाकडं करतात. पार्ट मिळत नाहीत, मेकॅनिक हात लावत नाही, विकायला गेलं तर कोणी विचारत नाही. मी सोलापूरला फोन करून चौकशी केली. पार्ट मिळतात, थोडे महाग पडतात, एवढंच. उलट तेवढ्याच वयाची दुसरी नावाजलेली गाडी दुप्पट किमतीला होती. आकड्यांत मास्तरांचं बरोबर होतं.

मुरुमच्या त्या गाडीत ते चक्क आडवे झाले. गुडघे मुडपून, पोटावर हात ठेवून, डोळे मिटून. मग टकटक, टकटक. मी निघालो.

"ब्रेकरवरून घ्या. हळू करू नका," मागून आवाज आला.

मी घेतली. दुकानदारांनी मागं वळून पाहिलं आणि ते घाबरलेच. ह्यांना काय झालं, दवाखाना जवळच आहे, गाडी तिकडं वळवा, असं ते मला सांगू लागले. मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "गप ऱ्हावा जरा. पेशंट झोपलाय."

आणखी दोन ब्रेकर झाले. मास्तर उठले, एक टकटक केली आणि डावी बाजू आदळते, कमरेत कळ येते, असं सांगून उतरले. दुकानदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, ह्यांना घरी सोडून येत जावा."

परतीच्या बसमध्ये मी जरा रागातच विचारलं. मास्तर सीट रिकामी असून दांडा धरून उभे होते. तेव्हा त्यांनी सांगितलं. काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून दोनदा, सोलापूरला. जाताना ठीक असायचं. येताना बसमध्ये पोटऱ्यांत गोळे यायचे, उलट्या व्हायच्या. मध्ये भाड्याची जीप केली. एका फेरीचे अडीच हजार. पेन्शनचे महिन्याला एवढेही येत नव्हते. आणि जीपमध्येही हाल तेच. आता काकू म्हणत होत्या, पुरे झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की थांबवलं तर पंधरा दिवसांचाही भरवसा नाही.

"तिला आडवं पडून घरी येता आलं तर येईल ती," मास्तर म्हणाले. "माझ्या फंडाचे पैसे हायत. गाडी तेवढी मिळाय पायजे."

पुढच्या रविवारी तुळजापूर. एका लॉजवाल्याची गाडी, इंजिन उत्तम, कागद स्वच्छ, किंमत एक लाख वीस. माझ्या हिशेबात ह्याहून चांगली मिळणार नव्हती. मास्तरांनी सीटवर नाक टेकवलं आणि दार लावून टाकलं. अगरबत्ती, गुटखा आणि कसलासा सेंट, सगळं गादीत मुरलं होतं. गादी बदलता येते, मी म्हणालो. ते तोवर रस्त्याला लागले होते. मी मागून जवळजवळ पळत होतो.

त्या गुरुवारी काकू कशाबशा गेल्या आणि आल्यावर त्यांनी सांगून टाकलं की सोमवारी येणार नाही. रविवारी सकाळी सहालाच मास्तर आमच्या फाटकाशी फेऱ्या मारत होते. बेंबळीला एक गाडी होती, एका माजी सरपंचांची. ह्या वेळी काकूंना बरोबर घेतलं होतं.

"तुमचाबी रविवार नासिवला ह्यांनी," काकू मला म्हणाल्या. मग नवऱ्याकडं न बघता, "जन्मभर लोकायला जागा धरून दिली, आता मला द्यायलेत."

सरपंचांनी गाडी पुसून ठेवली होती. सांगितलेली किंमत एक लाख पंचावन्न. सरपंच माझ्या शेजारी बसले, मागं काकू, आणि त्यांच्या कडेला अर्ध्या सीटवर मास्तर. काकू आडव्या व्हायला तयार नव्हत्या. दारावरची मूठ धरून ताठ बसल्या. मी तुळजापूरच्या दिशेनं निघालो. खड्डे होते. गाडी ते गिळत होती, असं मलाही वाटलं, पण किंमत ठरेपर्यंत मालकासमोर असं बोलायचं नसतं.

चार-पाच किलोमीटरवर मी आरशात पाहिलं. काकूंचं डोकं मास्तरांच्या उजव्या मांडीवर होतं. झोप लागली होती. आणि तो पाय हलत नव्हता.

मी वळायला जागा बघून वेग कमी केला. टकटक, टकटक.

पुढच्या फाट्यावर पुन्हा कमी केला. पुन्हा टकटक, टकटक.

"अवो, गाडी बघाय आलाव का पळवाय?" सरपंच बोलले. मास्तरांनी पुढं हात करून त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि खाली बोट दाखवलं. सरपंचांनी वळून पाहिलं. मग खिशातला फोन काढून त्याचा आवाज बंद केला. बऱ्याच वेळानं ते माझ्या कानाशी आले. "म्हशीची धार हाय माझी पाचला. आन् डिझेलचा काटा बघा की."

काट्यानं हद्द गाठली तेव्हा मास्तरांनी परत फिरू दिलं. सरपंचांच्या अंगणात गाडी थांबली आणि काकू उठल्या. पदर सारखा केला, इकडंतिकडं पाहिलं, आणि मास्तरांना म्हणाल्या, "उद्याला किती वाजता निघायचं?"

त्यानंतर काकू अडीच वर्षं होत्या. गल्लीतला एक रिक्षावाला फेरीचे पैसे घेऊन गाडी चालवायचा, सुट्टीच्या दिवशी मी. काकू गेल्यावर मास्तर महिनाभर गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. मग मुलगा येऊन त्यांना गाडीसकट लातूरला घेऊन गेला. त्यांच्या दाराला कुलूप आहे. आत भाडेकरू ठेवा म्हणून मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ते बाहेर चालायला गेले होते.

बेंबळीचा व्यवहार सांगायचा राहिला. मी एक लाख तीसवर अडायचं ठरवून गेलो होतो. पण काकूंनी जे विचारलं ते सरपंचांनीही ऐकलं होतं, आणि त्यानंतर घासाघीस करायला माझी जीभ रेटली नाही. मास्तरांनी तर तोवर पिशवी उघडली होती. सरपंचांनी पूर्ण रक्कम घेतली, एक रुपया सोडला नाही. वर गाडी ठरल्यापेक्षा लांब नेली म्हणून डिझेलचे चारशे वेगळे मागितले. मला राग आला. मास्तरांना आला नाही.

"बरोबर हाय त्यांचं," ते म्हणाले. "म्होरच्या स्टॉपला गेलं की म्होरचं तिकीट."

एक लाख पंचावन्न हजार चारशे, सरपंचांच्या हातात, रोख.