गुरुवारच्या गोळ्या

आमच्याकडे रविवार हा कामाचा दिवस. चाकणच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी, म्हणून पाहुणे गुरुवारी, केस कापणं गुरुवारी, आणि नवऱ्याच्या लघवीच्या गोळ्याही गुरुवारीच.

त्यांचं हृदय कमजोर झालं होतं. अंगात पाणी साठायचं. पाय असे सुजायचे की सेफ्टी शूज मी समोर बसून ओढून काढायचे. कासारवाडीच्या डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळी एक गोळी लिहून दिली आणि नीट समजावलं. किडनी रक्तातलं पाणी गाळते, पण ते टाकून देत नाही, बहुतेक सगळं परत ओढून घेते. पाणी मिठाच्या मागोमाग जातं. ही गोळी मिठालाच परत जाऊ देत नाही, मग पाणीही बाहेर पडतं. मला पटलं, यांनाही पटलं. अडचण लाइनची होती.

गोळी घेतली की पुढचे काही तास सारखं उठावं लागायचं. आणि हे असेंब्ली लाइनवर. गाडी समोर सरकत येणार, आपले बोल्ट आवळायचे, तोवर दुसरी हजर. जागा सोडायची तर बदली माणूस बोलवायचा. तो एकच, आणि हवा सगळ्यांना.

"मग घरी आल्यावर घ्या की," मी म्हणायचे.

"आन् रातभर उठत बसू? झोपू कवा? पहाटं पुन्हा बस हाय."

शेवटी त्यांनी आपल्या डोक्यानं तोड काढली. आठवडाभर राहिलेल्या गोळ्या गुरुवारी एकदम घ्यायच्या. "आठवड्यात गाड्या कमी निघाल्या की सुट्टीला ओव्हरटाइम लावून भरून काढतो ना आमी? तसंच हे."

"शरीर म्हंजे काय कंपनी हाय का?" मी ओरडायचे. ते हसायचे. पण संध्याकाळी सूज उतरलेली असायची, पायाचा घोटा दिसायला लागायचा, आणि ते मला बोलावून तो दाखवायचे. पोटऱ्यांत गोळे यायचे, त्यावर मी तेल चोळून द्यायचे. थकव्यानं येत असतील, असं दोघांनाही वाटायचं.

अशाच एका गुरुवारी दुपारी ते मोरीच्या दारात पडले. उठले नाहीत.

डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, एवढ्या गोळ्या एकदम घेतल्या की मीठपाण्याबरोबर पोटॅशियमही वाहून जातं, आणि हृदयाचा ठोका त्याच्यावर चालतो. बहुधा तसंच झालं असावं. मी त्यांच्या दवाखान्याच्या भिंतीवरचं किडनीचं चित्र बघत होते. मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. भाजी निवडते, भांडी घासते, चऱ्होलीचे नवे टॉवर खिडकीतून बघते. राग आहे, पण तोही गार पडल्यासारखा.

दहावा झाल्यावर लाइनवर यांच्या शेजारी उभा राहणारा माणूस भेटायला आला. अंगावर कंपनीचा शर्ट, डोळे लाल झालेले. म्हणाला, "वहिनी, असा माणूस पुन्हा व्हनार न्हाई. शिफ्टमध्ये जागा म्हणून सोडली न्हाई कधी."

त्यानं ते मनापासून म्हटलं. मला किंचाळावंसं वाटलं. मी उठून त्याच्यासाठी पाणी आणलं.

त्यानं जेमतेम ओठ ओले केले आणि पेला खाली ठेवला.

"बास, वहिनी," तो म्हणाला. "शिफ्टला चाललोय."