सगळं हिरवं

दर सोमवारी साडेचारला आम्हा बारा जणांना एका खोलीत बसून आपापल्या कामाचा रंग सांगावा लागे. काम वेळेत चाललंय तर हिरवा, थोडं अडलंय तर पिवळा, बुडायच्या बेतात आहे तर लाल. कंपनी मोठी, जुनी, नाव घेतलं की मुलीकडचे लोक खुर्ची पुढे सरकवत अशी. समुद्रापलीकडच्या एका विमा कंपनीचे जुनेपुराणे प्रोग्राम डागडुजी करून चालते ठेवणं हे आमचं काम. शिंप्याच्या पोराला एवढं शिकूनही ठिगळंच लावायला मिळाली, असं मनात येऊन मला हसू यायचं.

नवा होतो तेव्हा एकदा खरं बोललो. म्हटलं, लाल. झालं, विंचवाच्या बिळात हात घातला. रोज दोन बैठका, उशीर का झाला ते लिहा, कुणामुळे झाला ते लिहा. चार दिवसांत उरकलं असतं ते काम या लिहिण्यापायी दोन आठवडे रेंगाळलं. शेवटी साहेब सगळ्यांसमोर म्हणाला, "सांगण्याआधी विचार करत जा." पुढच्या सोमवारी मी हिरवा म्हणालो. सगळेच हिरवा म्हणत. कलिंगडासारखं, आतला रंग कापल्यावरच कळे.

अब्बांचं शिलाईचं दुकान भोरच्या बाजारपेठेत, मागच्या खोलीत आमचं घर. शाळेचे गणवेश, लेंगे, लग्नसराईत ब्लाउज. घरी फोन नव्हता. शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे एक काका होते, त्यांच्याकडे होता. रविवारी सकाळी मी पुण्याहून फोन लावी, काका हाक मारत आणि अब्बा हातातलं काम ठेवून येत. मग बोलणं सुरू. कसे आहात, एवढंच विचारलं तरी ते भाटघरच्या पाण्यापासून निघत. धरण किती उतरलं, कुठल्या गावची माणसं यंदा बाजाराला कमी दिसतात, त्यातल्या एकाच्या लेकीचं लग्न, तिच्या ब्लाउजच्या बाह्यांवरून आत्याबाईंनी दुकानात घातलेला गोंधळ. तब्येतीचं राहूनच जाई. मला घाई असे. रविवारीसुद्धा असे. खरोखरची होती की नुसती जडलेली सवय, अल्ला जाणे.

एकदा वैतागून म्हणालो, "अब्बा, लोकांच्या फोनवर एवढं लांबण नको. मी विचारलं की नुसता रंग सांगा. ठीक असाल तर हिरवा, थोडं काही असलं तर पिवळा, मी यायलाच हवं असलं तर लाल."

अब्बांना गंमत वाटली. "म्हंजी धाग्याची रिळं सांगायची व्हय? बरं हाय की! आज हिरवा."

मला माझ्या युक्तीचं फार कौतुक वाटलं. ऑफिसात चहाच्या वेळी चौघांना सांगितली, तेही हसले.

पाच-सहा महिन्यांनी एका रविवारी ते म्हणाले, "आज जरा पिवळा हाय." पुढे काही विचारणार तोच फोन तुटला, पुन्हा लागेना. मी तसाच स्वारगेट गाठलं. कापूरहोळचा फाटा मागे पडून भोर येईपर्यंत जिवात जीव नव्हता. पोचलो तर अब्बा मशीनवर बसून चड्ड्या शिवत होते. पायांना मुंग्या येतात म्हणे, पायडल तळव्याला लागत नाही, कापसावर पाय ठेवल्यासारखं वाटतं. साखरेचा आजार त्यांना होताच. मी गोळ्यांची पाकिटं तपासली, मग घड्याळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी काम पाठवायचं होतं आणि ते अर्धं पडलं होतं.

"एवढ्यासाठी पिवळा? माझं काम बुडतं, अब्बा. सांगण्याआधी विचार करत जा."

वाक्य साहेबाचंच होतं. तेव्हा मला ते ऐकूही आलं नाही. अब्बा मशीनकडे बघत म्हणाले, "चुकलं माजं." आईने वाढलेलं मी चार घासांत संपवलं आणि पाचच्या एसटीने परत फिरलो.

त्यानंतर प्रत्येक रविवार हिरवा.

ईदला मी अर्ध्या दिवसाचा गेलो. अब्बांच्या पायात मोजे होते. जन्मात कधी मोजे न घातलेला माणूस! मी चेष्टा केली, "काय अब्बा, साहेब झालात!" तेही हसले. दुकानात आंबूस वास येत होता. मला वाटलं, खळ घातलेलं कापड कुठेतरी ओलं राहून कुजलं असेल. आईने शीरखुर्म्याची दुसरी वाटी पुढे ठेवली आणि ती तिथेच उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं. अब्बांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, तशी ती आत गेली. हे सगळं मी बघितलं. बघितलं आणि निघालो.

दीड महिन्याने भर दुपारी घड्याळवाल्या काकांचा ऑफिसात फोन आला. "तुज्या बापाचा पाय काळा पडलाय, ताप न्हाई उतरत. टेम्पोत घालून पुन्याला निगालोय आमी. शिवऱ्याला थांबलोय, हितल्या बूथवरनं बोलतूय. तू सरकारी दवाखान्यात ये."

मशीनची मोडकी सुई उजव्या तळव्यात शिरली होती. पायाला जाणीवच नव्हती, त्यामुळे त्यांना दोन दिवस पत्ता लागला नाही. नंतर पू झाला तेव्हा कापडाच्या चिंध्या बांधून ते त्याच पायाने मशीन चालवत राहिले. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आणलं असतं तर एखाद्या बोटावर निभावलं असतं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चाळीस वर्षं ज्या पायावर घर चाललं तो पाय.

ते शुद्धीवर आले तेव्हा मी त्यांच्यावर चिडलोच. मला रडता येत नव्हतं, म्हणून चिडलो. "मी विचारत होतो ना दर रविवारी? हिरवा काय म्हणत होता?"

अब्बा म्हणाले, "आरं, पिवळा सांगितला तवा तुजं काम बुडालं. म्हटलं, व्हईल बरं आपसूक." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "सायबानं रजा दिली का? कटकट न्हाई ना केली?"

पाय साखरेने गेला, हे मला कळतं. पण पाय वाचवायला जो महिना हाताशी होता तो मी घालवला. साहेबाने खरं सांगण्याची जी शिक्षा मला केली, तीच मी माझ्या बापाला केली. साहेबाला निदान त्याचा पगार मिळत होता.

अब्बा त्यानंतर तीन वर्षं जगले. डाव्या पायाने मशीन चालवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण शिलाई वाकडी जायला लागली तेव्हा त्यांनीच मशीनवर चादर टाकली. मी त्यांना मोबाईल घेऊन दिला. म्हणालो, रंग-बिंग काही नको, सगळं सविस्तर सांगायचं, तासभर लागला तरी चालेल. रविवारची सकाळ मी मोकळी ठेवायला लागलो. दार लावून, खुर्ची ओढून निवांत बसत असे.

"बोला, अब्बा."

"बरं हाय."

"आणि?"

पलीकडे त्यांचा श्वास ऐकू यायचा. बाजारातली गडबड ऐकू यायची, कुणीतरी त्यांना सलाम करून जायचं. मी थांबून राहायचो. मग ते हळूच म्हणायचे, "ठेव बाळा. तुजा येळ जातूय."