भोंग्याला न जाणारे मिस्त्री

"कंत्राटदाराला भोंगा नसतो, राव!" असं म्हणत मिस्त्री बशीतला चहा ओढायचे. समोर कंपनीच्या गेटावर सातचा भोंगा वाजतोय, आम्ही कामगार धावतोय, आणि हे टपरीवर पायावर पाय टाकून बसलेले.

डूख धरला की न सोडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हे भट्टीचे मिस्त्री, पिंपळे गुरवात माझे शेजारी. कंपनीची भट्टी आतून विटांनी बांधायची ती त्यांनीच. वर्षानुवर्षं भोंग्याला हजर. खाकी कपडे कंपनीचे, थापी कंपनीची, जेवायला कधी सुटायचं तेही फोरमन सांगणार. एकदा भट्टीचं झाकण डाव्या हातावर पडलं, दोन बोटं गेली. इलाजाचा खर्च मागायला गेले तर कामगार अधिकारी म्हणाले, "तुम्ही आमचे कामगार नाही. स्वतंत्र कंत्राटदार आहात."

मिस्त्री बाहेर आले ते हसत. "बरं झालं सायबांनी सांगितलं. मला ठावंच नव्हतं!"

हात बरा झाल्यावर स्वारी टपरीवरून उठून दहाला आत येऊ लागली, पांढऱ्या धोतरात, छत्री घेऊन. फोरमननं "आधी ही बाजू घ्या" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "काम माझं, रीत माझी. तुमी झाल्यावर बघा." काढून टाकावं तर दुसरा मिस्त्री मिळेना. फोरमनचा तो चेहरा आठवला की मला अजून गार वाटतं. त्या लोकांना तसंच पाहिजे होतं.

मग ते महिनाभर फिरकलेच नाहीत, आणि नेमकी भट्टी फुटली. अधिकारी जीप घेऊन त्यांच्या दारात. मिस्त्रींनी त्यांना अंगणात उभं ठेवून दाढी पुरी केली.

"मिस्त्री, चला. तुम्हाला कायम करून घेतो."

दाराआड मिस्त्रींच्या बायकोची, आमच्या वहिनींची, भांडी वाजायची थांबली. मिस्त्री कायम व्हावेत म्हणून त्यांनी किती उपास केले होते, ते आमच्याही घरात ठाऊक होतं.

"कामगाराला हुकूम सोडायचा आसतो, सायेब. कंत्राटदाराला इचारावं लागतं. आन् त्याला न्हाई म्हणता येतं. न्हाई!"

जीप धुरळा उडवत गेली. मी टाळीसाठी हात पुढे केला, तो त्यांनी पाहिलाच नाही. वहिनी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पुढे ते भोसरीच्या शेडमधून लहानसहान भट्ट्या बांधत राहिले. त्या गेटावर पुन्हा गेले नाहीत.

ते वारल्यावर एका सकाळी मी वहिनींकडे गेलो. तेवढ्यात सातचा भोंगा झाला. वहिनी दचकून उठल्या, चुलीकडे वळल्या आणि पुन्हा खाली बसल्या.

"रोज भोंग्याला उठून बसायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, डबा भर, उशीर व्हतोय. मग आठवायचं त्यास्नी."