विवर्णीकरण

मी एका पत्रकातून एक ओळ कापली होती. ती राहिली असती तर माझी आत्या आज असती. सभांमधून मी बरंच काही बोलते, पण हे कधी बोलले नाही.

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. बाबा चळवळीतले. मोर्चा ठरला की हिंगोलीहून गठ्ठे यायचे. त्यावरची ठळक अक्षरं जुळवत मी वाचायला शिकले, आणि मोठी झाल्यावर तसलीच पत्रकं लिहायला लागले. सरकारी मराठीचा मला मनापासून राग होता. ज्या लोकांसाठी लिहायचं त्यांनाच कळू नये अशी ती भाषा, आणि हा अपघात नसून कावा आहे, असं मी ठासून सांगायची. अजूनही मला तसंच वाटतं.

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या भागातून नैसर्गिक वायूची मोठी पाइपलाइन गेली. आत्याच्या शेतातून गेली ती आडवी, या बांधापासून त्या बांधापर्यंत. वर माती ओढून जमीन परत दिली. झाड लावायचं नाही, विहीर खणायची नाही, घर बांधायचं नाही, बाकी पीक घ्या म्हणाले. आत्यानं हळद लावली. मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ते दीड एकर ती एकटी करायची.

कंपनीच्या माणसानं गावोगाव वाटायला सुरक्षेचं पत्रक आणलं, ते भाषांतर करून आलेलं. वाचून माझं डोकं फिरलं. ‘वायुवहन नलिकेच्या सान्निध्यात उत्खनन निषिद्ध’ असली भाषा. मी म्हटलं, हे मी लिहून देते, पैसे नकोत. तिथला इंजिनिअर तरुण होता. त्यानं दोन तास बसून मला एकेक शब्द समजावला. घरच्या सिलिंडरमधला गॅस जड असतो, जमिनीलगत साचतो. हा हलका, वर जातो. दाब ‘बार’मध्ये मोजतात. आणि सिलिंडरच्या गॅसला जो घाण वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. या लांबच्या लाइनमधल्या गॅसला वास नसतो, तो पुढं शहराच्या तोंडाशी मिसळतात. हे ऐकून मी हादरले. जुन्या पत्रकात वासाबद्दल चकार शब्द नव्हता, आणि आमच्याकडं प्रत्येकाला वाटत होतं की गळती झाली तर वास येईलच.

मी मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘वासावर जाऊ नका. कान द्या. सापासारखी फुसफुस ऐकू आली, की आग विझवा आणि दूर पळा.’ खाली फोन नंबर.

गळतीच्या खुणांमध्ये आणखी एक ओळ होती. ‘वनस्पतींचे स्थानिक विवर्णीकरण आढळल्यास कळवावे.’ मी इंजिनिअरला विचारलं, हे काय? तो म्हणाला, “गॅस हळूहळू मुरला की मुळांना हवा मिळत नाही. तेवढ्या जागेतली झाडं पिवळी पडतात.” मी हसले. म्हटलं, शेतात पान कशानंही पिवळं पडतं, पाणी जास्त झालं तरी पडतं. असं लिहिलं तर लोक रोज तुम्हाला फोन करतील. आणि हा शब्द तर मी मेले तरी छापणार नाही. तो बिचारा म्हणाला, सोपा शब्द घाला, पण ठेवा. पत्रक एका पानात बसत नव्हतं. मी ओळ कापली.

गावात पारावर मी ते मोठ्यानं वाचलं. ‘बार’ शब्द आला तसा एक म्हातारा उठून उभा राहिला.

“म्हंजी इहिरीत उडवत्यात त्यो बार? आन् त्यो आमच्या वावरात पुरून ठिवला व्हय?”

“न्हाई बाबा, दाब मोजायचं माप हाय. शेर-पायली असती तसं.”

“माप हाय तर दुसरं नाव न्हाई घावलं का? काहून भेव घालून राहिली?”

सगळे हसले, मीही. मी ‘बार’ काढून ‘दाब’ लिहिलं. आत्या बायांमध्ये बसली होती. घरी जाताना म्हणाली, “तुजं समदं समजलं मला. एक बी शबूद अडला न्हाई.” आयुष्यात मला इतकं मोठं बक्षीस कुणी दिलं नव्हतं.

पौषात तिचा फोन आला. आवाजात गंमत होती.

“ए लेकी, माजी हळद पिकली बग! शेजाऱ्याची अजून हिरवीगार, आन् माजी मदातल्या तुकड्यात पिवळीधम्मक पडली.”

हळदीचा पाला पिवळा पडला की पीक तयार झालं, हे आमच्याकडं पोरासोरांना माहीत असतं. पिवळं म्हणजे चांगलं. पिवळं म्हणजे आता कापा, खणा, शिजवा. मी म्हटलं, “वा गं आत्या, तालुक्यात पहिली तूच!”

“लाइनीवरच हाय त्यो तुकडा. माती उकरून टाकली व्हती ना त्यांनी, तिला मानवली वाटतं. आन् मी रोज कान देते बरं का, तुज्या पत्रकावानी. काई फुसफुस न्हाई.”

मी तिला शाबासकी दिली.

तिनं पाला कापला, तो तुकडा खणला. गड्डे बारीक निघाले, करंगळीएवढी हळकुंडं. पुन्हा फोन केला, “उतारा कायबी न्हाई गं. गड्डे बेण्याला ठिवते, इकत घ्यायचं वाचंल. हळकुंडं शिजवून घेते.” पिकलेल्या हळदीचं हळकुंड जाड असतं. मी शेतकऱ्याच्या घरची आहे. मला तेव्हाही कळलं नाही.

शेतात बाकी सगळं पीक उभं होतं, मोकळी जागा तेवढीच. हळद शिजवायला तिथंच तिनं तीन दगड मांडले, वर कढई ठेवली, खाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या घातल्या. सकाळचे दहा वाजले असतील. तिनं काडी लावली आणि जमिनीनंच पेट घेतला, असं शेजारच्या वावरातला माणूस सांगत होता. नुसता भक्कन आवाज, मग भेगांतून निळा जाळ. त्यानं तिला ओढून काढलं. तोवर लुगडं अंगाला चिकटलं होतं.

नांदेडला नेलं. मी पोचले तेव्हा ती शुद्धीत होती. डोळे उघडून तिनं आधी हेच विचारलं, “माजं काय चुकलं गं? म्या तर कान दिला व्हता.”

तिला वाटत होतं, तिच्याच ऐकण्यात काहीतरी राहिलं. तसं वाटू देणं सोपं होतं. बाबा माझ्याकडं बघत होते. त्यांनी मान हलवली, नको बोलू म्हणून. मी बोलले. म्हटलं, तुझं काही चुकलं नाही आत्या. झाडं पिवळी पडणं ही गॅसची खूण असते. ते त्या कागदात लिहिलेलं होतं. मी काढून टाकलं.

“काहून?”

“शब्द लई अवघड होता.”

ती म्हणाली, “मंग मला इचारायचं व्हतं माय. कवाचं पिवळं बरं आन् कवाचं वाईट, म्या सांगितलं असतं. पिकती तवा समदी हळद संगं पिकती. गोल तुकडा कवा पिकत असतोय का?” मग म्हणाली, “म्या बी येडीच. हरकले ना, इचारच केला न्हाई.”

इतक्या साध्या दोन वाक्यांत तिनं ते सांगितलं, जे मला एका पानात बसवता आलं नव्हतं. लोकांच्या भाषेत लिहायचं म्हणून मी लोकांपुढं ते वाचलं होतं. त्यांना विचारलं मात्र काहीच नव्हतं.

पुढं दोन दिवस ती राहिली. दुखण्याबद्दल बोलली नाही, माझ्या ओळीबद्दल तर नाहीच. उरलेल्या हळदीचं तेवढं बोलायची. काढणीला कुणाला लावायचं, बेणं कुठं ठेवायचं. शेवटी बाबांना म्हणाली, “घाई करू नगा. पाला आपसूक वाळू द्या.”

कंपनीनं लाइन बंद करून दुरुस्त केली. आम्ही थांबलो. बाकीचं सगळं शेत हिरवं होतं, फक्त मध्ये तो काळा तुकडा. ते एकदम पिवळं पडलं, बांधापासून बांधापर्यंत, तेव्हा तिला जाऊन महिना उलटला होता.