मारबतीच्या सकाळी

पोळ्याच्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या लहानपणच्या लाकडी नंदीचं शिंग मोडलं. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात पोरं तोच नंदी मिरवणार होती.

"कोनं मोडलं?" नवऱ्यानं विचारलं.

नऊ वर्षांच्या मुलीनं पाच वर्षांच्या भावाकडे बोट दाखवलं. "म्या नाही मोडलं," तो म्हणाला आणि त्याला थापड बसली. "वरतून खोटं बोलून राहिला?" म्हणत आणखी एक.

खोट्याला मार, हा आमच्या घरचा कायदा. सासऱ्यांनी नवऱ्याला तसंच वाढवलं, आणि बघा मी बिघडलो का, असं तो छाती काढून सांगतो. माझी रीत उलटी. दूध सांडलं, कप फुटला, की मी गुपचूप आवरते आणि म्हणते, "बाबाले सांगू नको." तो वळण लावतो, मी पांघरूण घालते. दोघांनाही वाटतं, पोरं आपल्यामुळेच चांगली निघणार.

सकाळी पोरं दारात खोचलेली पळसाची फांदी घेऊन शिवेवर निघाली. आमच्या सौंसरकडे इडापिडा अशीच मारबतीच्या हवाली करून गावाबाहेर टाकतात. ज्याला जे नकोसं झालंय, त्यानं त्याचं नाव घेऊन ओरडायचं. कोणी मच्छर, कोणी खोकला. माझा लहानगा बेंबीच्या देठापासून ओरडला, "बाबाची थापड घेऊन जाय गे मारबत!" सगळे हसले. मला हसू आलं नाही, त्याचा गाल अजून लाल होता.

फांदी टाकताना मुलगी पुटपुटली. मी अगदी जवळ होते म्हणून ऐकू आलं.

"माझं खोटं घेऊन जाय गे मारबत."

म्हणजे काल चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. पण त्याहून मोठं काहीतरी समोर घडलं होतं. कोणी न मारता, कोणी न विचारता पोरगी स्वतःहून इथवर आली होती. तिला छातीशी धरावंसं वाटलं.

तेवढ्यात नवरा आला. त्याला गोटमारीच्या दगडफेकीसाठी पांढुर्ण्याला जायची घाई होती. तिचा रडवेला चेहरा पाहून त्यानं मला विचारलं, "का म्हटलं वो पोरीनं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. खरं सांगावं तर इथंच, चारचौघांत तिच्या पाठीत धपाटा बसणार. मग पुन्हा कधी ती खरं बोलणार?

"खोकला म्हटलं," मी म्हणाले.

आणि पोरगी लगेच खोकली. अगदी खऱ्यासारखी.